शुक्राची काळी बाजू

"दिसतोय," डॉक्टर दुर्बिणीला डोळा लावूनच म्हणाले, आणि मी चमकून त्यांच्याकडं बघितलं.

दुर्बिणीतून बघताना बोलायचं नाही, हा आमच्या आकाश बघणाऱ्या मंडळाचा नियम होता आणि तो घातला होता खुद्द डॉक्टरांनीच. आपापल्या पाळीला बघायचं, मुकाट्यानं बाजूला जायचं, कागदावरच्या वर्तुळात पेन्सिलीनं जे दिसलं ते काढायचं. सगळ्यांचं काढून झालं की मग कागद उलटे करायचे आणि मग काय भांडायचं ते भांडायचं. एकानं आधी तोंड उघडलं की पुढच्याच्या डोळ्यात त्याचंच बोलणं शिरतं, असं ते म्हणायचे. एकदा तहसीलदारसाहेब पाळी चालू असताना शनीची कडी कशी झकास दिसतात ते सांगायला लागले, तर डॉक्टरांनी त्यांनाही गोड बोलून खाली चहाला पिटाळलं होतं. आणि आज दोन मोठे पाहुणे पाळीची वाट बघत उभे असताना डॉक्टरच बोलून बसले.

ही गोष्ट गडहिंग्लजची, मी हायस्कूलात विज्ञान शिकवत होते तेव्हाची. डॉ. प्रभाकर देशिंगकर म्हणजे आमच्या गावचे सर्जन. खाली दवाखाना, वर घर, त्याच्यावर गच्ची, आणि गच्चीत त्यांनी स्वतः आरसा घासून केलेली दुर्बीण. लहानपणी विटी लागून त्यांचा डावा डोळा अधू झाला होता, पण उजवा असा की घारीनं लाजावं. आमचा डॉक्टर एका डोळ्यानं बघतो ते बाकीच्यांना चष्मा लावूनही दिसत नाही, असं गाव अभिमानानं सांगायचं. मला आकाश बघायला त्यांनीच शिकवलं. माझ्या लेखी त्यांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य.

त्या संध्याकाळी माझा जीव मात्र आकाशात नव्हता, खालच्या दवाखान्यात होता. तिथं कोपऱ्यातल्या खाटेवर माझा धाकटा भाऊ बसवराज पडला होता. गळ्याला थायरॉईडची गाठ, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. बसू मार्केट यार्डात मिरचीचे सौदे पुकारायचा. आवाज असा खणखणीत की यार्डात पुकारला तर वेशीवरची म्हातारी भाव सांगायची. त्याची भाकरी त्या आवाजावर. आणि त्या गाठीच्या मागून दोऱ्याएवढी एक नस जाते, ती दुखावली तर आवाज गेलाच, हे डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावलं होतं. ती आधी नीट दिसायला लागते, म्हणाले होते, दिसली की मग वाचवता येते. मी कोल्हापूरला न्यायचं म्हटलं तर बसूनं हात झटकले. देशिंगकर डॉक्टर करत असतील तर करायचं, नाहीतर गाठ घेऊनच जातो वर, म्हणाला. आईवडलांच्या माघारी त्याला मीच वाढवलेला, पण ऐकेल तर शपथ.

तर आम्ही बघत होतो तो शुक्र. त्या दिवसांत संध्याकाळी पश्चिमेला तो अगदी बारीक कोर होऊन चमकत होता. नुसत्या डोळ्यांना चांदणी, दुर्बिणीतून कोर. कोरीच्या पोटातली बाजू काळी असते, कारण तिथं शुक्रावरची रात्र. पण तीनशे वर्षांपासून अधूनमधून कुणाला तरी त्या काळ्या बाजूवरही मंद राखी उजेड दिसत आलेला आहे. कुणाला दिसतो, कुणाला नाही, आणि तो कशाचा हे कुणालाच ठाऊक नाही. जुन्या काळी एका जर्मन पंडितानं तर शुक्रावरचे लोक नवा राजा गादीवर बसला म्हणून जंगलं पेटवून उत्सव करतात, असं ठोकून दिलं होतं. या खेपेला तो उजेड आमच्या डॉक्टरांना दिसायला लागला. एकदा नव्हे, बघतील तेव्हा. त्यांनी मुंबईला आणि पुण्याला पत्रं धाडली आणि दोन तज्ज्ञ आले.

मुंबईचे प्राध्यापक केळुसकर हे विजांच्या पक्षाचे. शुक्रावर दाट ढग, ढगांत विजा, विजांनी ढग आतून उजळतात, झालं, असं त्यांचं म्हणणं. पुण्याच्या नीलांबरी ओक प्राणवायूच्या पक्षाच्या. शुक्राच्या दिवसाच्या बाजूला उन्हानं तिथली हवा फुटते, प्राणवायूचे कण वाऱ्याबरोबर रात्रीच्या बाजूला जातात, तिथं पुन्हा जोडले जातात आणि जोडताना मंद चमकतात, असं त्यांचं. दोघं कोल्हापुराहून एकाच एसटीनं आले, पण उतरेपर्यंत एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. दोघांनाही मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागायचा होता आणि त्यासाठी डॉक्टरांसारखा पक्क्या नजरेचा साक्षीदार हवा होता.

डॉक्टर बाजूला झाले. केळुसकरांनी बघितलं, ओकबाईंनी बघितलं, मी बघितलं. चौघांनी चार कोपऱ्यांत बसून चित्रं काढली आणि कागद उलटले.

केळुसकरांनी काळ्या बाजूवर ठिकठिकाणी उजळ ठिपके काढले होते, ढगांत विजा पेटाव्यात तसे. ओकबाईंनी सगळीकडं सारखी पातळ छटा दिली होती. डॉक्टरांचा उजेड कोरीपाशी दाट आणि पुढं विरळ होत गेलेला. माझं वर्तुळ कोर सोडून काळं.

मग जुंपली. केळुसकर म्हणाले की प्राणवायूची चमक इतकी फिकी, की ती पृथ्वीवरून दिसायची तर माणसाला घुबडाचे डोळे हवेत. ओकबाई म्हणाल्या की विजा लुकलुकतात, डॉक्टरांचा उजेड समईसारखा स्थिर आहे, अशी थांबून राहणारी वीज प्राध्यापकांच्या घरी असेल. दोघांचंही खरं होतं, आणि म्हणून कुणाचंच पुढं सरकत नव्हतं. माझ्या काळ्या वर्तुळाकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. डॉक्टरांनी मात्र पाठीवर हात ठेवला आणि नेहमीचं बोलले, की नजर तयार व्हायला वेळ लागतो, गिरिजा, होईल. मला त्या दिवसापर्यंत ते खरंच वाटत होतं. उजेड दिसत नाही तो माझ्या कच्च्या नजरेमुळं, यात मला कधी शंका आली नव्हती.

इतक्यात उमावहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायको, चहा घेऊन वर आल्या आणि त्यांनी जिन्यातला दिवा लावला. डॉक्टरांनी झटकन हात डोळ्यांवर आडवा धरला आणि दिवा बंद करायला सांगितलं. चिडून सांगितलं. वहिनी पुटपुटल्या, हल्ली यांना कुठलाच दिवा सोसत नाही, जेवायलासुद्धा अंधारात बसायचं म्हणतात.

मी कप हातात धरून तशीच उभी राहिले.

त्याच दिवशी सकाळी बसूचा गळा तपासताना डॉक्टरांनी नर्सकडून दुसरा दिवा मागवला होता, तो आला तेव्हा म्हणाले की याची तिरीप येते, तिकडून धर. रिपोर्ट माझ्या हातात देऊन, वाच बघू, म्हणाले. मला वाटलं, मास्तरीण म्हणून कौतुकानं वाचायला लावतायत. मागच्या महिन्यात एक अगदी फिकी चांदणी मला त्यांच्या आधी सापडली होती, तेव्हा वाटलं होतं की मुद्दाम हरले. आणि उजेड कोरीपाशी दाट, पुढं विरळ. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मळक्या भिंगातून मेणबत्ती बघितली की ज्योतीभोवती हुबेहूब असाच उजेड पसरलेला दिसतो.

शुक्रावर काय पेटलंय ते पेटो. हा माणूस सकाळी माझ्या भावाच्या गळ्यात दोऱ्याएवढी नस शोधणार होता.

मी म्हटलं, एक करून बघू या का. आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, आत एक बारीक पट्टी बसवायची, अशी की चकाकणारी कोर तेवढी पट्टीमागं झाकली जाईल आणि काळी बाजू उघडी राहील. उजेड शुक्रावर असेल तर कोर झाकल्यावरही दिसेल, उलट जास्तच चांगला दिसेल. आणि कोरीबरोबर तोही गेला, तर तो शुक्रावर नाही.

"मग कुठं आहे?" केळुसकरांनी विचारलं.

माझी नजर डॉक्टरांकडं गेली. ओकबाईंना कळलं असावं, कारण त्या माझ्याकडं टक लावून बघत राहिल्या. मग म्हणाल्या की ही रीत जुनीच आहे आणि करायला हवी होती. एवढं बोलताना त्यांचा चेहरा उतरला, कारण उजेड तिकडं नसेल तर त्यांचंही दुकान बंद होणार होतं. केळुसकर उखडले. देशिंगकरांसारख्या माणसाच्या नजरेवर शंका घेणारी ही शाळामास्तरीण कोण, असं त्यांनी मला तोंडावर विचारलं. विचारण्यासारखंच होतं. मला तरी कुठं धीर होता. ज्या माणसानं मला ध्रुव कुठला ते दाखवलं, त्याला मी चारचौघांत खोटं पाडायला निघाले होते.

डॉक्टर कठड्याला टेकून डोंगराकडं बघत होते. शुक्र बराच खाली उतरला होता. आणखी थोडा वेळ, की डोंगराआड. आणि दोन-चार दिवसांत तो सूर्यात बुडणार होता, मग संध्याकाळच्या आकाशात अशी कोर पुन्हा दीड-पावणेदोन वर्षांनी.

"आज राहू दे," ते म्हणाले. "हवा बरी नाही. उद्या बघू."

हवा काचेसारखी स्वच्छ होती.

"उद्या नको, डॉक्टर," मी म्हटलं. "उद्या सकाळी बसूचं आहे."

ते वळले. अंधारात चेहरा नीट दिसत नव्हता, पण मला काय म्हणायचं आहे ते त्यांना पोचलं, हे मला लख्ख कळलं. मला वाटलं, आता हे मला गच्चीवरून खाली घालवतील आणि पुन्हा कधी वर बोलावणार नाहीत. वहिनी चहाचा ट्रे घेऊन मध्येच थबकल्या होत्या.

मग डॉक्टर दुर्बिणीपाशी गेले आणि आयपीस काढायला लागले. खिशातल्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी फाडून त्यांनी मला दिली, म्हणाले, पट्टी तू काप, मला बारीक जमायचं नाही. तीस वर्षं माणसांच्या पोटात टाके घातलेला माणूस. मी कात्रीनं पट्टी कापली आणि चिकटपट्टीचा तुकडा लावून आत बसवली.

पहिल्यांदा ओकबाई. कोर पट्टीमागं घेऊन त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं, कागद घेतला आणि वर्तुळ काळं केलं. केळुसकर बघताना तीनदा दुर्बीण हलली का म्हणून विचारत होते. शेवटी त्यांनीही वर्तुळ काळं केलं. इतकी बाजू त्यांची सांगितलीच पाहिजे, की दिसलं नाही ते त्यांनी काढलं नाही.

मग डॉक्टर बसले.

मी त्यांच्या शेजारी उभी होते. दुर्बीण हळू सरकवायची एक मूठ होती, त्यांचा हात तिच्यावर होता. त्यांनी कोर पट्टीमागं नेली. थांबले. मग मूठ थोडी फिरवली, कोर बाहेर काढली. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. मी मनात म्हणत होते, दिसू दे, याला खरंच दिसू दे, मीच आंधळी निघू दे. आणि त्याच वेळी बसूचा गळा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. मूठ फिरत होती, आत, बाहेर, आत. शुक्र डोंगराला टेकला तरी ते उठले नाहीत, आणि डोंगराआड गेला तेव्हाही काही वेळ तसेच बसून राहिले.

मग कागद मागून घेतला आणि मांडीवर ठेवून वर्तुळ काळं केलं. पेन्सिल इतकी दाबून, की कागदाला भोक पडलं.

नियमाप्रमाणे आता बोलायची पाळी होती. पण वहिनींनी पाहुण्यांना जेवायचं निमित्त करून खाली नेलं. जिन्यात त्या दोघांचं पुन्हा सुरू झालं, पण आवाज आता खालच्या पट्टीत होता.

डॉक्टरांनी मला विचारलं, की तुला पहिल्यापासूनच काही दिसत नव्हतं ना. मी हो म्हटलं. मग सांगितलं का नाहीस, म्हणाले. काय सांगणार होते मी? नजर तयार व्हायला वेळ लागतो हे आपलंच बोलणं त्यांचं त्यांनाच आठवलं.

"मोतीबिंदू आहे हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस," ते म्हणाले. "दिव्यांना खळं दिसायला लागलं तेव्हाच कळलं. दुसऱ्या कुणी येऊन सांगितलं असतं तर मी पाच मिनिटांत त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं धाडला असता. पण माझ्या वडलांचे दोन्ही डोळे या ऑपरेशनात गेले, गिरिजा. मी हाताला धरून फिरवलंय त्यांना. त्यांचे दोन होते. माझा एकच."

मी म्हटलं, आता तसं राहिलं नाही, ऑपरेशनं चांगली होतात. ते मला सांगतेस, म्हणाले. मीच सांगतो सगळ्यांना.

"मग एके दिवशी तो उजेड शुक्रावर दिसला. आणि मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, हा तिकडचा आहे. तिकडं असेल तर माझ्या डोळ्यात काही नाही. म्हणून दोघांना बोलावलं. विजा निघू देत नाहीतर प्राणवायू निघू दे, कुणीही जिंकलं असतं तरी मी सुटलो असतो."

मला त्यांची कीव आली आणि त्याच क्षणी संतापही आला.

"आणि बसू?" मी विचारलं. "सकाळी काय करणार होतात?"

काहीतरी गुळमुळीत उत्तर येईल असं वाटलं, पण तसल्यातला हा माणूस नव्हता.

"सुरी हातात घेतल्यावर थांबलो असतो का, ते मला खरंच माहीत नाही," ते म्हणाले. "थांबलो असतो असं म्हणायला आवडेल मला."

मी रडायला लागले. ते उठले, जिन्यातला दिवा लावला, डोळ्यांवर हात धरला आणि चल म्हणाले.

खाली बसू उशाला टेकून पेपर चाळत होता. मी सांगेन म्हटलं तर डॉक्टरांनी मला हातानं मागं सारलं. खाटेपाशी उभं राहून त्यांनी सरळ सांगितलं, की माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तुझी नस मला दिसेल याची खात्री नाही, मी तुझं ऑपरेशन करणार नाही. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात माझ्याबरोबरीचा एक चांगला सर्जन आहे, मी स्वतः तुला घेऊन जातो.

बसूनं आधी माझ्याकडं बघितलं. माझे डोळे सुजलेले बघून त्याला पटलं असावं. तरी म्हणाला, तुम्हीच करा डॉक्टर, तुमचा हात आहे, डोळा कशाला लागतो. डॉक्टर म्हणाले की हाताला डोळाच सांगतो. बसूनं पेपर खाली ठेवला.

"आणि तुमच्या डोळ्याचं कोण करणार?" त्यानं विचारलं.

बघू, म्हणाले डॉक्टर. इतक्यात नाही. सवड झाली की.

बसूनं जन्मभर सौदे केलेले. समोरचा माणूस कुठं अडलाय हे त्याला तोंडावरून कळायचं. त्यानं पाय पोटाशी घेतले आणि खाटेवर जागा केली. "बसा," म्हणाला. गावच्या सर्जनला पेशंटनं बस म्हणायची रीत नव्हती, पण डॉक्टर बसले.

"भ्या वाटतंय?" बसूनं विचारलं.

"वाटतंय," डॉक्टर म्हणाले.

"मलाबी. अक्काला सांगितलं नव्हतं." मग त्यानं मिरचीच्या ढिगापुढं उभा असल्यासारखी मान ताठ केली. "माझं ऐका. मी बेळगावला जातो. पण एकटा जाणार नाही. दोन खाटा सांगा."

डॉक्टर म्हणाले, ते असं एकदम होत नसतं. बसू म्हणाला, मग माझंबी होत नाही, ही गाठ हितंच राहू दे. आणि पेपर तोंडावर घेऊन आडवा झाला. माझा भाऊ किती हट्टी आहे ते मला माहीत होतं, म्हणून माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. डॉक्टर खाटेच्या कडेवर बसून राहिले. नर्स येऊन दोनदा डोकावून गेली.

शेवटी ते उठले आणि बाहेरच्या टेबलावरच्या फोनकडं गेले. मला शेजारी उभं राहायला सांगितलं. त्या काळी बेळगाव लागायला वेळ लागायचा, तोवर ते टेबलाचा कोपरा धरून उभे होते. लागला तेव्हा त्यांनी त्या सर्जनची चौकशी केली, पोराबाळांचं विचारलं, इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले की परवा पेशंट घेऊन येतोय, दोन आहेत. एकाचं नाव बसवराज पट्टणशेट्टी, थायरॉईड, आवाजाला जप, त्याचं पोट त्यावर आहे.

पलीकडून काहीतरी विचारलं असावं. डॉक्टरांनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"दुसरा मोतीबिंदूचा," ते म्हणाले. "डोळा एकच आहे, म्हणून जरा घाबरतो. नाव लिहून घे. प्रभाकर देशिंगकर."